द्रौपदीचा पदर आणि एक खिळा

कुंदन शाह यांच्या 'जाने भी दो यारों' (1983) या चित्रपटावर आजवर जे काही वाचले, त्यातल्या बहुतेक लेखनात रंगमंचावर चाललेल्या महाभारताच्या नाटकाचा प्रसंग हा हिंदी पडद्यावरील असंगत विनोदाचा कळस मानलेला आढळतो. प्रसंग थोर आहे, याबद्दल वाद नाही. पण जत्रेतल्या दशावतारावर, म्हणजे कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या पौराणिक लोकनाट्यावर, ज्याची रात्र अनेकदा उजाडली आहे, अशा वेंगुर्ल्याच्या माणसाला तो फारसा परका वाटत नाही.

आमच्या गावच्या जत्रेत एकदा वस्त्रहरणाच्या ऐन रंगात द्रौपदीचा पदर बाकड्याच्या खिळ्याला अडकला. तेच बाकडे मघाशी धृतराष्ट्राचे सिंहासन होते. दुःशासनाने एक-दोन हिसके दिले, पदर सुटेना, तेव्हा तो क्षणभर थांबून म्हणाला, "गो द्रौपदी, खिळोसुद्धा तुझ्याच बाजूक आसा!" मांडव हसून कोसळला, पेटीवाल्याने मात्र सूर सोडला नाही आणि द्रौपदीनेही कृष्णाचा धावा चालूच ठेवला. लिखित संहिता नसलेल्या या नाटकात चूक झाली म्हणून खेळ थांबवायचा नसतो, तर ती चूकच कथेत ओढून घ्यायची असते.

चित्रपटात नेमके हेच घडते. साडी नेसवलेले कमिशनर डिमेलोचे प्रेत द्रौपदी म्हणून रंगमंचावर येते, दुर्योधन वस्त्रहरणाचा बेतच रद्द करतो, शेवटी सलीम-अनारकलीही येऊन पोहोचतात, आणि बिचारा धृतराष्ट्र हे काय चालले आहे असे विचारत राहतो. विनोद नाटक मोडण्यात नाही, ते मोडूनही थांबत नाही, यात आहे. समीक्षकांनी 'गोंधळ' या एका शब्दावर हे भागवावे, याचे मला नेहमीच वाईट वाटत आले आहे.

राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने सुमारे 7 लाख रुपयांत केलेल्या या चित्रपटाला तिकीटबारीवर मोठे यश मिळाले नाही. कुंदन शाह यांना पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार आणि रवी बासवानी यांना विनोदी भूमिकेचे फिल्मफेअर मिळाले, तरी त्याचा खरा प्रेक्षक पुढे दूरदर्शनने घडवला. 2012 मध्ये नव्याने उजळलेली प्रत चित्रपटगृहांत आली, तोवर लोकांना संवाद पाठ झाले होते. (भक्ती बर्वे यांची धूर्त, गोडबोली संपादिका शोभा सेन मात्र या कौतुकात मागेच राहिली. 'ती फुलराणी'तली मंजुळा आठवणाऱ्या मराठी प्रेक्षकाने तरी तिची दखल घ्यायला हवी होती.)

माझी खरी तक्रार शेवटाविषयी आहे. 'निखळ करमणूक' म्हणून या चित्रपटाची शिफारस करणारे लोक शेवट विसरलेले असतात. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगणारे चित्रपटाचे दोन छायाचित्रकार नायक, विनोद आणि सुधीर, कैद्यांच्या कपड्यांत भर रस्त्यावर येतात आणि 'हम होंगे कामयाब'च्या सुरांवर आपल्याकडे पाहत गळ्यावरून हात फिरवतात. दशावतारात पहाटे दहीकाला होतो, हंडी फुटते, रात्रभराचे राक्षस आणि राजे रंग पुसून चहा घेतात आणि आपण निर्धास्तपणे घराची वाट धरतो. कुंदन शाह यांनी ही हंडी फोडलेलीच नाही.