बूस्टचा काटा खाली का आला

आमच्या उद्यमनगरच्या गॅरेजमध्ये दोन लिटरची एक पेट्रोल सेडान आली. तिच्या इंजिनावर बाहेरून रूट्स प्रकारचा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप, बसवलेला होता; त्या हवेच्या जादा दाबाला बूस्ट म्हणतात. मालकाला एक्झॉस्टला तीन इंची पाइप आणि मोकळा सायलेन्सर हवा होता, तोही कॅट, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढून. कॅट काढण्यास मी साफ नकार दिला. गावभर कर्कश आवाज करत फिरणाऱ्या गाड्या आमच्याच धंद्यातले लोक तयार करून देतात, याची मला चीड आहे.

पाइप निवडण्याआधी अडथळा नेमका कोठे आहे हे मोजावे लागते आणि नेमके तेच बहुतेक जण टाळतात. आम्ही पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच आट्यांत प्रेशर गेज बसवला, तेव्हा 6,000 आरपीएमला कॅटच्या आधी 0.5 बार दाब निघाला. कॅट उघडल्यावर आतली सिरॅमिकची जाळी फुटून तिचे तुकडे वाटेत अडकलेले दिसले. टर्बो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो; सुपरचार्जर मात्र क्रँकवरच्या पट्ट्याने फिरतो, त्यामुळे त्याला या दाबाचा काहीच उपयोग नसतो. उलट जळका वायू सिलिंडरमध्ये मागे राहतो, आतले हवा-पेट्रोलचे मिश्रण तापते आणि नॉकिंगचा, म्हणजे ते आपोआप भडकण्याचा, धोका वाढतो.

नवा कॅट घेतला आणि 304 स्टेनलेसचा अडीच इंची पाइप ठरवला. एवढ्या बूस्टला तीन इंचांची गरज नव्हती. बाक मँड्रेलवर, म्हणजे पाइपला आतून आधार देणाऱ्या दांड्यावर, काढून घेतले, कारण साध्या बेंडिंगमध्ये पाइप वळणावर चेपतो आणि मोठा पाइप घेतल्याचा फायदा तेथेच संपतो. टिग वेल्डिंग करताना पाइपच्या आतूनही आरगॉन वायू सोडला, म्हणून सांधे आतूनही स्वच्छ आले. असे काम करणारा वेल्डर आमच्याकडे आहे, याचा मला अभिमान वाटतो.

कागलच्या बाजूला महामार्गावर चाचणी घेतली. कॅटच्या आधीचा दाब 0.2 बारवर आला होता, मिश्रणही ठीक होते आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडी आधीपेक्षा स्पष्टपणे लवकर वेग घेत होती. मालकाची नजर मात्र बूस्टच्या काट्यावर होती, जो 0.6 वरून 0.5 बारवर उतरला होता.

"दादा, बूस्ट कमी झालाय की!"

सुपरचार्जर प्रत्येक फेऱ्याला जवळपास तेवढीच हवा ढकलतो; पुढची वाट मोकळी झाली की ती हवा इंजिनातून निघून जाते, मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांमध्ये, कमी तुंबते आणि म्हणून काटा उतरतो, हे मी त्यांना लॅपटॉपवरच्या नोंदींसह समजावले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि काटा परत वर नेण्यासाठी लहान पुली बसवून द्याल का, असे विचारले. लहान पुलीने सुपरचार्जर जोरात फिरतो आणि वाढलेल्या हवेला पेट्रोलही जास्त लागते; पण पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आधीच मर्यादेपर्यंत पोहोचले होते, म्हणून मोठे इंजेक्टर बसवल्याशिवाय पुलीला हात लावणार नाही, असे मी सांगितले. ते पैसे चुकते करून गेले आणि त्यानंतर आलेले नाहीत.