शहामृग तेवढा वगळून

“गोष्टीतल्या मुलीला काय गं, तिला दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कुणाला तोंड दाखवायचं नसतं.”

ताई सहज बोलून गेली. फोन स्पीकरवर होता, तिकडे तिचं कपड्यांच्या घड्या घालणं चाललं होतं, आणि पुढच्या मिनिटाला विषय अण्णांच्या चष्म्यावर गेलासुद्धा. मी मात्र तिथेच अडकले. आता घरात सगळे झोपलेत आणि मी मनातल्या मनात तिला उत्तरं देत बसलेय. फोनवर यातलं एकही सुचलं नव्हतं.

झाड छाटायच्या अर्जाच्या त्या कागदाचं प्रकरण पुन्हा उगाळत नाही. इमारतीच्या मागच्या झाडावर रातबगळे आहेत, खाली लावलेल्या गाड्या पांढऱ्या होतात, पावसाची सर येऊन गेली की कुजक्या माशांचा वास थेट बेडरूमपर्यंत येतो. सगळं खरं आहे. मलाही नाक आहे. आणि घरट्यांत पिल्लं आहेत हेही खरं आहे. दुपारी गॅलरीतून बघितलं तर फांदीच्या बेचक्यात काटक्यांचा विसविशीत ढीग, त्यातून तीन डोकी वर आलेली, डोक्यावरची लव नुकतं नहाणं झालेल्या पोरांच्या केसांसारखी उभी, आणि चोची सारख्या उघडमीट. इमारतीतले काका त्या अर्जावर सह्या घ्यायला आले तेव्हा मी म्हटलं, “पिल्लं उडाली की करूया ना काका.” एवढंच. तेही अशा आवाजात, की जणू परवानगी मीच मागतेय.

रागावले असते तर बरं झालं असतं. हसले. “तू पहिल्यापासूनच हळवी,” म्हणाले आणि कागद घेऊन वरच्या मजल्यावर गेले. ज्या माणसाने रात्री दोन वाजता आईसाठी गाडी काढली होती, त्याच्याकडून... जाऊ दे, ते आज नको.

तर ताईला मी सिल्व्हियाबद्दल सांगत होते. सारा ऑर्न ज्युएटची ‘अ व्हाइट हेरन’ ही गोष्ट, १८८६ सालची. नऊ वर्षांची मुलगी, शहरातून आजीकडे रानात राहायला आलेली, गाय राखणारी, माणसांना बिचकणारी. एक तरुण शिकारी तिथे येतो. पक्षी मारून, पेंढा भरून संग्रहात ठेवण्याचा त्याला नाद. त्याला पांढऱ्या बगळ्याचं घरटं हवंय, दाखवेल त्याला दहा डॉलर. मुलगी पहाटे एकटीच एका अजस्र पाइनवर चढते. वरून समुद्र दिसतो, बगळा दिसतो, घरटं कुठे तेही कळतं. खाली येते तेव्हा फ्रॉक फाटलेला, पाइनचा चीक सगळीकडे माखलेला. आजी आणि पाहुणा दोघेही वाट बघतायत. आणि ती बोलत नाही.

मी आजवर ही गोष्ट जिला जिला सांगितली ती इथे “वा!” म्हणाली. ताई म्हणाली नाही.

मला त्या गोष्टीत धरून ठेवतो तो दहा डॉलरचा मोह नव्हे. तो शिकारी चांगला आहे, हे. तो मुलीशी हळू आवाजात बोलतो, तिला चाकू भेट देतो, पक्ष्यांच्या सवयी समजावून सांगतो. तिला तो आवडलेला आहे. दमदाटी करणाऱ्याला “नाही” म्हणायला फार काही लागत नाही, रागाच्या भरात निघून जातं तोंडातून. पण चांगल्या माणसाला, आपलं भलं केलेल्या माणसाला, आपल्याकडे हसून बघणाऱ्याला नाही म्हणायचं तर आधी स्वतःला कृतघ्न ठरवून घ्यावं लागतं. मगच जीभ उचलते. माझी तर धड उचललीही नाही, “करूया ना” असं काहीतरी गुळमुळीत बाहेर पडलं. आणि त्या गुळमुळीतपणाचीसुद्धा किंमत लागलीच. काल लिफ्टमध्ये काकू होत्या. चार मजले आकड्यांकडे बघत होत्या. मीही.

एवढ्यात उठून ते पुस्तक काढलं. शेवटचं पान मी दरवेळी घाईने वाचते, कारण गोष्ट माझ्यापुरती मुलगी गप्प राहिली तिथेच संपलेली असते. पण त्यानंतरही मजकूर आहे. आजी चिडचिड करते, रागावते. शिकारी हिरमुसून निघून जातो. आणि नंतर कितीतरी संध्याकाळी गाय घरी आणताना त्या वाटेवर सिल्व्हियाला त्याच्या शिट्टीचा भास होत राहतो. म्हणजे दुसरा दिवस आहे, ताई! चांगला छापलेला आहे. ज्युएटबाईंनी त्या पोरीला “शाब्बास” म्हणून मोकळं सोडलेलं नाही. पाखरं त्याच्यापेक्षा चांगले मित्र होती का, हे कोण सांगणार, असंच विचारून ठेवलंय.

इतकं बिनतोड उत्तर सापडल्यावर खरंतर झोप यायला हवी होती. आली नाही. कारण लगेच दुसरं आठवलं, आणि ते मला जास्त झोंबणारं आहे.

सिल्व्हियाच्या गप्प राहण्याने एक बगळा वाचला. बाकीच्यांचं काय?

गोष्ट छापून आली त्याच वर्षी, १८८६ मध्ये, फ्रँक चॅपमन नावाचा एक पक्षीवेडा न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये दोन दुपारी नुसता फिरला आणि बायकांच्या टोप्या मोजत गेला. ७०० टोप्या. त्यातल्या ५४२ टोप्यांवर पिसं, नाहीतर अख्खे पक्षी. त्याने चाळीस जाती ओळखल्या. रानात उभं राहून जेवढे दिसले नसते तेवढे बाजारपेठेत. (हा माणूस मला फार आवडतो. बायका काय समजल्या असतील त्याला, टोपीकडे टक लावून बघतोय म्हणून!) बगळ्यांच्या पाठीवरचे ते झिरमिळ तुरे विणीच्या हंगामातच येतात, म्हणजे शिकारही नेमकी तेव्हाच, सारंगागारात, म्हणजे बगळ्यांच्या वसाहतीत, घरट्यावर बसलेल्या जोड्यांची. तुरे उपटून घ्यायचे, धड तिथेच टाकायचं. पिल्लं वर चोची उघडून बसलेली. ती आपोआप मरत. वजनाला तो तुरा सोन्याहून महाग जाई.

आणि हे सगळं कशासाठी, तर टोपी साधी असली तर लोक काय म्हणतील यासाठी.

स्वतःची कीव यायला लागली की मी लिली बार्टकडे जाते, ही माझी जुनी खोड. एडिथ व्हॉर्टनची लिली, ‘द हाउस ऑफ मर्थ’मधली. श्रीमंतांत उठबस, स्वतःकडे दमडी नाही, वय एकोणतीस, लग्न जमत नाही. खरंतर जमत आलं की तीच काहीतरी करून मोडते. तिच्यावरही कुणी ओरडत नाही. सगळं हसून चालतं. पत्त्यांच्या डावाला “बस ना”, सहलीला “चल ना”, आणि मग एक दिवस एक बाई चारचौघांत तिला दूर करते आणि बाकीच्या तिच्याकडे बघायचं बंद करतात. बस्स. अफवा खरी की खोटी हे तपासायची कुणाला गरजही वाटत नाही. शेवटी ती टोप्यांच्या कारखान्यात शिवायला बसते आणि तिला टिकल्याही सरळ लावता येत नाहीत. शेजारच्या मुली काम करता करता मिसेस ट्रेनरच्या टोपीबद्दल बोलत असतात, हिरव्या पॅरडाइज पक्ष्याची पिसं लावलेली टोपी. ज्या मिसेस ट्रेनरच्या घरी लिली कधीकाळी पाहुणी म्हणून राहायची, तीच.

हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल, पण त्यात एक पक्षी मेलेला आहे हे आज रात्री पहिल्यांदा दिसलं.

कादंबरी १९०५ ची. मासिकात क्रमशः येत होती त्याच उन्हाळ्यात, ८ जुलैला, फ्लोरिडात गाय ब्रॅडली नावाच्या पक्षीरक्षकाला बगळे मारणाऱ्यांनी गोळी घातली. एके काळी तो स्वतःही पिसांसाठी शिकार करायचा. ज्याने मारलं तो ओळखीचाच होता, आणि त्याच्यावर खटलासुद्धा उभा राहिला नाही. टोपीच्या एका टोकाला लिली आणि दुसऱ्या टोकाला ब्रॅडली. मधल्या बायका चहा पितायत.

इथपर्यंत लिहून मी मनातल्या मनात त्या बायकांना सुळावर देऊन मोकळी होणार होते. काकूंसकट. पण घोळ असा आहे, की पक्षी वाचवले ते याच बायकांनी.

१८९६ मध्ये बॉस्टनच्या हॅरिएट हेमेनवेने पक्ष्यांच्या कत्तलीचं वर्णन वाचलं आणि ती काय करत बसली, तर मिना हॉल या नात्यातल्या बहिणीला बोलावून प्रतिष्ठित घराण्यांची यादी उघडली. कोणाकडे पिसांच्या टोप्या असतील, त्या नावांवर खुणा केल्या आणि एकेकीला चहाला बोलावलं. पिसं सोडा म्हणाल्या. त्यातून मॅसॅच्युसेट्सची ऑडुबॉन सोसायटी ही पक्षीरक्षणाची संस्था निघाली, मग इतर राज्यांत, मग वन्यजीवांच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा १९०० चा लेसी कायदा, १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा. इंग्लंडात एटा लेमन तर त्याहून पुढची. चर्चमध्ये कोणाच्या टोपीवर कुठला पक्षी आहे ते हेरायची आणि त्या पक्ष्याचं काय झालं हे सांगणारी चिठ्ठी त्या बाईला घरी धाडायची. कल्पना करा, सोमवारी सकाळी टपालात ही चिठ्ठी! पुढच्या रविवारी कुठल्या तोंडाने जायचं? (बाईंना स्त्रियांना मत द्यायला मात्र विरोध होता. माणूस सगळा एका बाजूला कधीच सापडत नाही.) व्हर्जिनिया वुल्फने १९२० मध्ये यावर चिडून लिहिलंही, की मारणारे पुरुष, नफा कमावणारे पुरुष, संसदेत पिसांच्या आयातबंदीचं विधेयक रखडवणारेही पुरुष, आणि बोलणी तेवढी बायकांना. बरोबरच आहे. तरी चिठ्ठी लागू पडली ती पडलीच.

म्हणजे ज्या “लोक काय म्हणतील”ने लिलीला संपवलं, तेच उचलून त्यांनी पक्ष्यांच्या बाजूने लावलं. आधी पिसं नसतील तर लाज, नंतर पिसं असतील तर लाज. पद्धत तीच, चहाचे पेलेही बहुतेक तेच. आणि सिल्व्हियाचं ते उंच झाडावरचं, एकटीचं, फाटक्या फ्रॉकातलं मौन, ज्याच्यावर मी जीव टाकते, ते आपलं त्या एका घरट्यापुरतं.

मला हे अजिबात आवडलेलं नाही. मला हवं होतं की एकटं पडणारं माणूसच शेवटी जगाच्या उपयोगी पडतं, म्हणजे मग लिफ्टमधल्या त्या चार मजल्यांना काहीतरी अर्थ आला असता. उलट निघालं असं, की काकूंनाच चहाला बोलवायला हवं.

आता हसूच यायला लागलंय. कारण मला झाडावर चढता येत नाही, मौन तर मला अर्धा तासही झेपत नाही (ताईला विचारा), पण चहाला बोलावणं जमतं. गॅलरीतली खुर्ची झाडाच्या बाजूला वळवून ठेवायची, दुपारी चारच्या सुमाराला, पिल्लं कलकल करतात तेव्हा. मी काहीच बोलायचं नाही. काकूंना लहान मुलं आवडतात. आणि काका वर कितीही हसले तरी घरातला कागद कोण फाडतं आणि कोण जपून ठेवतं, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे.

लबाडी आहे का ही? असेल थोडी. पण त्या बायकाही काही सोवळ्या नव्हत्या. एमिली विल्यमसनने १८८९ मध्ये मँचेस्टरजवळ डिड्सबरीतल्या आपल्या घरी पक्षीरक्षणाची संस्था काढली, जी पुढे ‘रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स’ झाली. तिचा सुरुवातीचाच नियम: खाण्यासाठी मारलेल्या पक्ष्यांखेरीज कोणत्याही पक्ष्याची पिसं सभासद महिलांनी वापरू नयेत, शहामृग तेवढा वगळून.

शहामृगाची पिसं काढायला त्याला मारावं लागत नाही, असं त्यामागचं कारण देतात. असेलही. पण मला ती बैठक डोळ्यांसमोर दिसते. सगळं ठरलंय, शाई वाळत आलीय, आणि कुणीतरी घसा खाकरून म्हणतंय की लेकीच्या लग्नासाठी घेतलेली एक टोपी आहे, अगदीच नवी आहे हो. आणि बाकीच्या एकमेकींकडे न बघता मान डोलावतायत.

माझा शहामृग कोणता, ते मला पक्कं माहीत आहे. ताईलाही माहीत आहे, म्हणून तर ती इतकं सहज बोलू शकते. इथे लिहिणार नाही.