रेघेवरची ओळ

मंगळवार, 22 जुलै 2025

दोन हजार रुपये. संध्याकाळपासून तेवढंच डोक्यात आहे. सत्तर हजारांचं वाईट वाटत नाही असं नाही, पण ते इतके आहेत की त्यांच्याकडे नीट बघताच येत नाही. दोन हजार मात्र चिमटीत धरता येतात.

बाबूच्या थकलेल्या पोटगीचा तक्ता मी त्याच्या गेल्या वर्षीच्या गणिताच्या वहीत उरलेल्या कोऱ्या पानांवर केला होता. महिना, ठरलेले, आलेले, बाकी. ठरलेले सगळीकडे 6,000. आलेले सगळीकडे 4,000. बाकीच्या रकान्यात 2,000, 2,000, 2,000, सप्टेंबर 2021पासून या महिन्यापर्यंत सत्तेचाळीस वेळा. बेरीज 94,000. पासबुकाशी दोनदा ताडून पाहिली. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, वकीलबाई म्हणतील, किती स्वच्छ काम केलंत.

त्यांनी चष्मा चढवला, टेबलावरची कुणाची तरी लग्नपत्रिका उचलली (हो, लग्नपत्रिकाच), तिची कड कागदावर टेकवली आणि पेन्सिलीने आडवी रेघ ओढली. जुलै 2024 आणि ऑगस्ट 2024च्या मधोमध. म्हणाल्या, "हप्ता ज्या दिवशी द्यायचा होता त्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला तरच वसुलीचं वॉरंट निघतं. पोटगीला पूर्वी 125 कलम होतं, आता 144 झालं, पण वर्षाची अट तीच आहे." रेघेखाली बारा ओळी, 24,000. रेघेवर पस्तीस, 70,000.

पस्तीस ओळी गेल्या तेव्हा मी नुसती मान हलवली. मग त्या म्हणाल्या, "आणि हप्ता दहा तारखेचा, म्हणजे पुढच्या दहाच्या आत अर्ज पडायला हवा, नाहीतर ही रेघ आणखी एक ओळ खाली येईल." तेव्हा मला कळलं की रेघ जागची हलते. दर महिन्याच्या दहाला एक ओळ खाते. या दहाला, बारा दिवसांपूर्वी, तिने जुलै 2024ची ओळ खाल्ली.

आणि मी जायची होते 30 जूनला.

त्या दिवशी साडी नेसून, पिशवीत पासबुक घालून मी पावसच्या स्टॉपवर उभी होते. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुठे निघालीस गो नटूनथटून?" मी म्हटलं, बँकेत. मग आपणच बोललेलं खरं करायला बँकेत गेले, पासबुक भरून घेतलं आणि घरी आले. वकीलबाईंना फोन केला की पाऊस फार आहे, गाड्यांचा भरवसा नाही. त्या दिवशी लख्ख ऊन होतं. मी गोधड्या वाळत घातल्या होत्या.

म्हणजे "बँकेत" या एका शब्दाचे दोन हजार पडले.

लाज कसली, ते अजून धड सांगता येत नाही. दिवसभर मी दुसऱ्यांची वसुलीच तर करते. मे महिन्यात गेलेल्या क्रेटचे अकराशे पन्नास रुपये राहिलेत म्हणून कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याला या आठवड्यात सात फोन केले. सातव्यांदा तो वैतागून म्हणाला, मॅडम, तुम्ही काय सोडत नाही. मी म्हटलं, सोडायचं काय त्यात, माल तर खाल्लात. शेठ शेजारी उभे राहून हसत होते. तीच मी घरी आले की "दिले तर दिले" म्हणणारी होते. आईला ते फार आवडायचं. जाऊ दे, कोण त्याच्या तोंडी लागणार, असं ती म्हणाली की मला आपण कुणीतरी मोठ्या मनाचे आहोत असं वाटायचं. मोठ्या मनाचा भाव दरमहा दोन हजार, तोही माझ्या खिशातून नाही, बाबूच्या.

बाबूच्या वडिलांचा तो मेसेजही दाखवला. "सध्या जरा ओढाताण आहे, पुढच्या महिन्यापासून पूर्ण देतो." खाली माझं "ठीक आहे". वकीलबाई म्हणाल्या, तुमच्या ठीक आहे म्हणण्याने कोर्टाचा आदेश बदलत नाही. कमी करून हवे होते तर त्यांनी तसा अर्ज करायचा. मला बरं वाटायला हवं होतं. उलट ते दोन शब्द वहीतल्या लाल शेऱ्यासारखे दिसायला लागले.

आणखी बरंच बोलल्या. 2019 साली बाबू पहिलीत होता तेव्हा 6,000 ठरले, आता तो सातवीत आहे, म्हणून वाढीचा अर्ज वेगळा करायचा. ती वाढही साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरतात, त्याचा पगार वाढला त्या तारखेपासून नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 2020चा निकाल आहे, रजनेश विरुद्ध नेहा. दोघांनीही मिळकत, खर्च, कर्ज सगळं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं. माझंही. म्हणजे सोसायटीचं कर्जही. ते आईला माहीत नाही, पण ते जाऊ दे.

पैसे भरले नाहीत तर एका महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून पैसे फिटत नाहीत. हे त्या इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या. मला एकदम त्याचा, बाबूला खांद्यावर घेऊन गणेशगुळ्याच्या वाळूत उभा असलेला… नको.

"रोख किंवा वस्तू, वेगळं काही देतात का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. माईंची पाच डझनी पेटी मे महिन्यात न चुकता येते, वर पेन्सिलीने बाबूचं नाव. ती आजीची आहे, ती धरायची नाही. यंदाची पिकायला घातली तेव्हा घरभर वास होता आणि मी चार दिवस कुणावरच रागावू शकले नव्हते. असो.

परतीच्या एसटीत खिडकीतून पाणी येत होतं. भाट्याच्या पुलावरून खाडी लाल झालेली दिसली. सगळ्यांच्या आयुष्यात कुणीतरी असतं जे "अगं, आधी जा" म्हणून पाठीत धपाटा घालतं, माझ्याच वाट्याला सगळे जाऊ दे म्हणणारे आले, असं वाटून मी फणसोप येईपर्यंत चक्क रडले. कंडक्टरने सुटे परत देताना तोंड फिरवलं. भला माणूस.

स्टॉपवर उतरले तर मासेवाली पाटी घेऊन आडोशाला बसलेली. मासेमारी बंद, म्हणून सुके बांगडे आणि सोडे. गटारी परवावर आली, दर चढलेले. मी पुढे निघाले तर मागून हाक.

"गो बाय! शिमग्यातले साठ रुपये हायेत तुझ्याकडं."

मी थांबले. "अगं, विसरले गो."

"तू इसरलीस, मी नाय."

आवाज असा की अख्ख्या स्टॉपला कळावं. ना तिने पदर सावरला ना मान खाली घातली. हात पुढे केला, बोटांवर मीठ तसंच. शेजारच्या काकूही होत्या तिथे, छत्रीखालून बघत. मी शंभराची नोट दिली. चाळीस परत मिळाले नाहीत, त्याबदल्यात चार बांगडे पिशवीत पडले, तेही तिनेच ठरवलं. मला हसू फुटलं. घरी येईपर्यंत अधूनमधून फुटत होतं. तिच्याकडे वही नाही, तक्ता नाही, लग्नपत्रिकेची कड नाही.

काकूंनी विचारलंच, "कुठून आलीस भिजून?"

"वकिलाकडून," म्हटलं. "बाबूची पोटगी थकलीये."

काकू म्हणाल्या, "किती?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगो बाई," आणि मग सोड्याचा दर विचारायला वळल्या. एवढंच झालं.

आता तक्ता पक्का करायला घेतलाय. जुलै 2024ची ओळ लिहू की नको यावर अर्धा तास गेला. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस लिहिल्या. रेघ त्यांची त्यांनी मारावी.

सोमवारी सह्या करायला बोलावलंय. पहिला श्रावणी सोमवार, उपास. शेंगदाण्याचे लाडू बरोबर न्यायला हवेत, तिथल्या टपरीवर वडापावशिवाय काही नसतं. आणि छत्रीची एक काडी सुटलीये, ती उद्या शिवून ठेवायची.