४०० ग्रॅमचा हट्ट, आठवडा दहावा: टाकळा जिंकला, चुका हरला

मंडळी, यावेळची नोंद उशिरा येतेय, कारण मधले दोन आठवडे सांगण्यासारखं काही घडलंच नाही, भेंडी दुधी कोबी, परत भेंडी दुधी कोबी, आणि बाहेर पाऊस असा की मार्केटला जायचं म्हणजे अंगावर काटा. आता श्रावण लागलाय, उघडीप आहे, आणि लिहायला बरंच साचलंय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. मे महिन्यात माझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, ६.१ आलं, डॉक्टर म्हणाले डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर आहात, भात कमी करा भाज्या वाढवा. वाढवा म्हणजे किती ते मी विचारलं नाही, घरी येऊन शोधलं. जागतिक आरोग्य संघटना भाज्या आणि फळं मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम म्हणते आणि त्यात बटाटा, रताळं धरत नाही. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरीचं जे ताट दिलंय त्यात तर भाजीच ४०० ग्रॅम आहे, फळं १०० ग्रॅम वेगळी. मी म्हटलं ठीक, मोठा आकडा धरू. वजनकाटा आणला आणि पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त मोजलं. बटाटे, कांदे, टोमॅटो सोडून, निवडून सोलून उरलेली भाजी आठवड्याला साडेतीन किलो, म्हणजे चौघांत माणशी दिवसाला सव्वाशे ग्रॅम. आणि आम्ही स्वतःला भाजी खाणारं घर समजत होतो! हट्ट पुरा करायचा तर आठवड्याला अकरा किलोच्या वर भाजी लागते. हे ऐकून आई म्हणाली, "पंगत बसवायचीय का?"

पहिला महिना मी रेसिपींच्या मागे होतो. दुधीचं हे, कोबीचं ते. पण खरी गोम तिथे नव्हतीच, हे कळायला मेथीची एक जुडी पुरली.

ती जुडी मी आणली तशी काट्यावर ठेवली, मुळं माती सगळं धरून ४१० ग्रॅम. निवडून झाल्यावर १६५. आणि वेळ लागला ३५ मिनिटं, कारण मी एकेक पान खुडत बसलो होतो, देठापासून वेगळं करत, मान वाकडी करून. आई बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "अरे भाजी निवडतोयस की मोती?" तिने पुढची काडी घेतली, शेंडा कोवळा जिथपर्यंत आहे तिथे नख लावलं, कट्कन तुटलं तिथून वरचं सगळं भाजीत, खालचं टाकाऊ, आणि उरलेली दोन-चार पानं एका ओढीत. बस. जिथे नखाने तुटत नाही, वाकतं, तिथे देठ निबर. तेवढंच बघायचं. आता माझी जुडी १४ मिनिटांत होते आणि कोवळे देठ जात असल्याने १६५ ऐवजी २१० ग्रॅम निघते.

तर मुद्दा हा. आमच्या घरात भाजी कमी खाल्ली जात होती ती चवीमुळे नाही, निवडायला कुणाकडे वेळ नव्हता म्हणून. बायको आठ दहाच्या लोकलने उतरणार, मी त्याच्याही नंतर, मग साडेआठला कोण मेथी घेऊन बसतंय, लाव कुकर, कर बटाट्याचा रस्सा नाहीतर मटकीची उसळ. आणि जी काही पालेभाजी पोटात जात होती ती आईने दुपारी टीव्हीसमोर बसून निवडलेली असायची. इतकी वर्षं हे मला दिसलंच नव्हतं, काट्यावर दिसलं. आता बुधवार आणि रविवार रात्री निवडणं माझ्याकडे. निवडून ठेवतो, धुऊन नाही. सुती फडक्यात सैल गुंडाळून फ्रीजमध्ये, तीन-चार दिवस छान राहते, धुऊन ठेवली की दुसऱ्या दिवशी काळी पडून बुळबुळीत. करायच्या वेळी आधी धुवायची, मग चिरायची. चिरून धुतली तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं मोरीत जातात, सी तर पहिलं.

आता रानभाज्या. मला मजा इथेच आली त्यामुळे जरा लांबण लागेल.

जूनमधली शेवळांची गोष्ट सांगायची राहिलीय. पहिल्या पावसाला ठाण्यात जांभळी नाक्याला आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात, सुरणाच्या जातीतली भाजी, जमिनीतून भाल्यासारखे जांभळट कोंब वर येतात ते. जुडी उचलली तर मावशी म्हणाली, "दादा, काकडं घे संगती, नायतर घसा धरंल." काकडं म्हणजे काकडी नव्हे हां, हिरवी छोटी आंबट फळं असतात. मी शहाणा, म्हटलं घरी चिंच आहे. शेवळं सोलली, वरचं आवरण काढलं, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा असतो तोही काढला, बारीक चिरून तेलावर परतली, चणाडाळ घातली, आणि चिंच घातली एक लिंबाएवढी. वास काय सुटला होता! पहिल्या घासाला काही नाही. तिसऱ्या घासाला घशात कुणी काथ्या फिरवल्यासारखं. अळूला, सुरणाला खाज असते तीच ही, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक, आणि त्यावर उतारा आंबटाचाच. माझं आंबट कमी पडलं. मुलगा ताक पिऊन पिऊन झोपला. पुढच्या रविवारी गपचूप काकडं आणली, वाटून त्यांचा रस शेवळांबरोबर भरपूर शिजू दिला, कणभरही खाज नाही. सीकेप्यांकडे यात सोडे नाहीतर कोलंबी पडते, आमच्याकडे आईमुळे बिनसोड्याची. चव कशी म्हणाल तर मटणाच्या जवळ जाणारी, आणि हे मी शाकाहारी उत्साहात बोलत नाहीये.

टाकळ्याने मात्र मैदान मारलं. रस्त्याकडेला, मोकळ्या प्लॉटवर, जिथे तिथे उगवतो, मेथीसारखी दिसणारी गोलसर पानं, पण हाताला उग्र वास. पहिल्यांदा संध्याकाळी घेतला तर पानं सगळी मिटलेली, मला वाटलं शिळा माल गळ्यात मारला. तसं नाही, टाकळा संध्याकाळ झाली की पानं मिटतोच. फुलं यायच्या आधीची कोवळी पानंच घ्यायची. लसूण आणि हिरव्या मिरचीची फोडणी, भरपूर कांदा, भिजवलेली चणाडाळ, मग टाकळा, वर झाकणीत पाणी ठेवून एक वाफ, शेवटी ओलं खोबरं. शिजल्यावर तो उग्रपणा कुठे जातो कळत नाही. मुलाने विचारलं "मेथी आहे का?", मी म्हटलं हो, आणि तो दुसऱ्यांदा घेऊन मोकळा. तिसऱ्या वेळी खरं सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. आता मात्र टाकळा निबर व्हायला लागलाय, फार तर दोन आठवडे.

फोडशीला माती फार. गवतासारखी लांब पात, खाली पांढरा भाग, त्या बेचक्यात चिखल बसतो. उभी चिरून तीन पाण्यातून काढा नाहीतर दाताखाली कचकच. मुगाच्या डाळीबरोबर चांगली लागते. कुर्डू ठीक, मला विशेष नाही. करटोली महाग आहेत पण त्यांचं मला काहीच म्हणायचं नाही, पातळ चकत्या करून कुरकुरीत परतायच्या आणि कुणाला न विचारता खायच्या. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो, तिथून यंदा भारंगी आणली. कडू आहे. उकडून पाणी पिळून टाकलं, कडव्या वालांबरोबर केली, तरी कडूच. आई आणि मी खाल्ली, बाकी दोघांनी लोणचं-भात. एक सांगतो, ओळख पक्की असल्याशिवाय स्वतः रानातून खुडून आणायच्या भानगडीत पडू नका, विकणाऱ्या मावशीला विचारा, त्या कशी करायची तेही सांगतात.

आता चुका, दोन्ही अर्थांनी. आंबट चुक्याची पातळ भाजी मी लोखंडी कढईत केली. लोखंडात शिजवलं की लोह मिळतं हे बरोबर आहे, आणि आंबट पदार्थात जास्तच उतरतं हेही बरोबर, पण उतरतं म्हणजे भाजी डांबरासारखी काळी होते आणि चमचा चाटल्यासारखी लागते. वर ती मी कढईतच झाकून ठेवली तासभर. फेकली. चुका, अंबाडी, चिंचगुळाचं अळू, हे सगळं स्टीलमध्ये. लोखंडी कढई टाकळ्याला, माठाला, पीठ पेरलेल्या ढोबळी मिरचीला.

तब्येतीचं थोडं. पहिल्या पंधरा दिवसांत मी सव्वाशेवरून एकदम साडेतीनशेवर उडी मारली आणि पोट ढोलासारखं फुगलं, ऑफिसात बसवेना. तंतूमय पदार्थ हळूहळू वाढवायचे आणि पाणी वाढवायचं, मी दोन्ही केलं नव्हतं. दुसरं, तेल बंद करू नका. गाजर, भोपळा, पालेभाज्या यातलं कॅरोटीन अंगी लागायला थोडं तेल लागतंच, आपली फोडणी काही मूर्खपणाची नाही, फक्त पळीभर नको. ताटात लिंबाची फोड ठेवा, पालेभाजीतलं लोह शोषायला मदत होते, आणि जेवल्या जेवल्या चहा घेतला तर उलटं होतं. हा शेवटचा भाग मला अजून जमलेला नाही. आणि ज्यांच्या घरी कुणाला रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी गोळी चालू आहे त्यांनी आधी डॉक्टरांशी बोला. आईची ती गोळी आहे, पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं आणि त्याने गोळीचा हिशोब बिघडतो. डॉक्टर म्हणाले बंद नको, पण रोज साधारण सारखीच खा, एक दिवस टोपलीभर आणि चार दिवस काही नाही असं नको. त्यामुळे तिची वाटी ठरलेली आहे, ती माझ्या हट्टात नाही.

आकडे: दहाव्या आठवड्यात नऊ किलो, माणशी सरासरी ३२०. वजन माझं १.४ किलो कमी, पण भातही कमी केलाय त्यामुळे श्रेय कुणाचं ते माहीत नाही. रक्त सप्टेंबरमध्ये तपासायचंय. उरलेले ८० ग्रॅम कोशिंबिरीतून काढायचा विचार आहे, कारण तिला निवडणं कमी, कोबीची पचडी चार मिनिटांत होते, मुलगाही खातो, फक्त दाण्याचं कूट मोजून घालावं लागतं, नाहीतर तो कुटाची पचडी करतो.

पुढची नोंद ऋषीपंचमीनंतर. ऋषीची भाजी करायचीय, बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, आईच्या यादीत अळू, माठ, लाल भोपळा, सुरण, मक्याचं कणीस, आणि मसाला म्हणून नुसती हिरवी मिरची नि मीठ, फोडणी नाही. ती म्हणते निवडायलाच अख्खी सकाळ जाते. मी रजा टाकलीय.