किती व्होल्ट लावायचे?

“ताई, किती व्होल्ट लावायचे?”

गरम तारेने थर्माकोल कापायचा कटर घरी करायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण मला पहिलं हेच विचारतो. मी ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात आर्किटेक्टांसाठी साइटची मॉडेलं करते. त्यामुळे सबमिशन तोंडावर आलं की कॉलेजची मुलं येतात, अधूनमधून रिमोटची विमानं उडवणारे येतात. बहुतेकांच्या हातात घरातल्या खणात सापडलेलं एखादं अ‍ॅडॉप्टर असतं आणि “हे चालेल का?” याला फक्त हो ऐकायचं असतं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

माझं उत्तर ठरलेलं आहे. तार कुठली घेतलीत आणि किती लांब, ते आधी सांगा. व्होल्टचं शेवटी बघू.

तार तापते ती तिच्यातून जाणाऱ्या करंटमुळे. एकदा जाडी ठरली की ती किती तापणार हे अँपिअरवर ठरतं. लांबी दुप्पट केली तरी तेवढ्या अँपिअरला ती तेवढीच तापते, फक्त तेवढा करंट तिच्यातून ढकलायला दुप्पट व्होल्ट लागतात. म्हणजे “बारा व्होल्ट चालतील का?” या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तरच नाही. वीतभर तारेला बारा व्होल्ट म्हणजे आग, आणि मीटरभर तारेला तेच बारा जेमतेम.

तार नायक्रोमची घ्या. निकेल आणि क्रोमियमचा हा मिश्रधातू. अल्बर्ट मार्श नावाच्या माणसाला १९०६ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट मिळालं आणि टोस्टर, हीटर, इस्त्री या सगळ्यांची सोय झाली. आपल्या कामाला त्याचे दोन गुण उपयोगी. तापून तापून ती लवकर गंजून झडत नाही, आणि आपण जेवढी तापवतो तेवढ्याने तिचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा (तो ओहममध्ये मोजतात), फारसा बदलत नाही. त्यामुळे थंड तारेवर मांडलेलं गणित गरम तारेवरही टिकतं.

ते गणित असं. २८ गेजची तार साधारण ०.३८ मिमी जाड असते आणि मीटरला सुमारे १० ओहम भरते. तार ताणून धरणाऱ्या तुमच्या कमानीत ३० सेंमी तार असेल तर झाले ३ ओहम. या जाडीला थर्माकोल कापायला सव्वा ते दीड अँपिअर पुरतात. १.३ अँपिअर गुणिले ३ ओहम, म्हणजे ३.९ व्होल्ट. पॉवर पाच वॉट, बस. आता याच तारेला बारा व्होल्ट लावा. चार अँपिअर ओढले जातील, अठ्ठेचाळीस वॉट, म्हणजे हवी त्याच्या जवळजवळ दहापट उष्णता. तार लालभडक होते, लोंबते आणि तुटते. मग मुलं येऊन म्हणतात, “ताई, तार बोगस निघाली.”

गेजच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. आपल्याकडे दुकानदार बहुधा ब्रिटिश गेज सांगतो, इंटरनेटवरचे तक्ते बहुतेक अमेरिकन. अमेरिकन २८ म्हणजे ०.३२ मिमी, मीटरला साडेतेरा ओहमच्या पुढे. मिलिमीटर विचारा. किंवा मीटरभर तार ताणून सरळ मल्टिमीटर लावा. वीतभर तुकडा मोजलात तर स्वस्तातल्या मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्यात मिसळतो आणि आकडा फसवतो. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून काय दिसतं ते बघा आणि तेवढं वजा करा.

आता मोबाइलचा चार्जर. पाच व्होल्टला ३ ओहमची तार पावणेदोन अँपिअरच्या जवळ मागते. एक अँपिअरचा जुना चार्जर तिथेच माघार घेतो, बंद-चालू, बंद-चालू करत राहतो. दोन अँपिअरचा असेल तर चालेल, पण तार थोडी जास्तच गरम राहील. मग तार ४० सेंमी करा, करंट बरोबर सव्वावर येतो. आणि फास्ट चार्जरवर ‘६५ वॉट’ लिहिलंय म्हणून हरखून जाऊ नका. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल कापून तिच्या वायरी तारेला जोडल्या तर काहीच येत नाही. समोर खरंच उपकरण आहे अशी खूण पटल्याशिवाय तो चार्जर व्होल्टेज सोडतच नाही.

एका प्रकाराबद्दल मात्र मी आवाज चढवते. पूर्वी गणपतीच्या आधी मखरं कापायला कुठे कुठे असा जुगाड असायचा: इस्त्रीच्या एलिमेंटची तार, तिच्या सिरीजमध्ये, म्हणजे एकाच वाटेवर पुढे जोडलेला, शंभर-दोनशे वॉटचा बल्ब, आणि पिन सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये. मार्च २०१८ मध्ये राज्याची प्लास्टिक-थर्माकोल बंदीची अधिसूचना निघाली आणि थर्माकोलच्या मखरांचा धंदा बसला, पण हा जुगाड अजून सांगोवांगी जिवंत आहे. सांगणारा वर मल्टिमीटर लावून दाखवतोही, बघा, तारेच्या दोन टोकांत दोन-तीनच व्होल्ट आहेत. खरं आहे, तेवढेच आहेत, कारण बाकीचे सगळे बल्बवर पडलेत. पण पिन एका बाजूने घातलीत तर ती अख्खी तार फेजवर असते. जुलैतल्या ओलसर फरशीवर अनवाणी उभं राहून तिला बोट लावलंत, की तुमच्या आणि जमिनीच्या मध्ये पुरे २३० व्होल्ट. डिमरचंही तेच, तो फक्त वीज कमी-जास्त करतो, तोडून वेगळी करत नाही. जाणते कारागीर वीज तोडून वेगळी करणारा ट्रान्सफॉर्मर वापरायचे, त्यांचं काम वेगळं. तुमच्याकडे ट्रान्सफॉर्मर नसेल तर भिंतीतल्या विजेच्या वाटेला जाऊच नका.

मग मी काय लावते? जुन्या लॅपटॉपचं १९ व्होल्टचं अ‍ॅडॉप्टर, आणि त्याच्या पुढे पाच अँपिअरचा बक कन्व्हर्टर मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारा छोटा बोर्ड), एक्सएल४०१५ चिपवाला. लॅमिंग्टन रोडला कुठल्याही काउंटरवर मिळतो. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, पुढे पाच-दहा मिनिटं चालत. मॉड्यूल घेताना त्यावर निळे स्क्रूवाले पॉट (स्क्रू फिरवून कमी-जास्त करायचे रेझिस्टर) दोन आहेत ना, ते बघा. एकाने व्होल्टेज ठरतं, दुसऱ्याने करंट. एकच पॉट असलेला स्वस्त मॉड्यूल दुकानदार पुढे करेल, तो परत करा. या सगळ्या खटाटोपातली खरी गंमत त्या दुसऱ्या पॉटमध्ये आहे.

करंट १.३ अँपिअरवर बांधून ठेवला की लांबीची कटकटच संपते. ३० सेंमीची कमान लावा, मॉड्यूल आपोआप चार व्होल्टच्या आसपास येऊन थांबतो. विमानाच्या पंखासाठी मीटरभर तार लावा, तोच मॉड्यूल तेरा व्होल्टपर्यंत चढतो. तार दोन्ही वेळा तेवढीच गरम. म्हणून अ‍ॅडॉप्टर १९ व्होल्टचं, वरती जागा राहावी म्हणून. आणि अ‍ॅडॉप्टरवर ताणही येत नाही, कारण पाच वॉटच्या कमानीला १९ व्होल्टच्या बाजूने पाव-अर्धा अँपिअरच जातो.

लावायची पद्धत: तार जोडायच्या आधी मॉड्यूलच्या आउटपुटला मीटर लावून व्होल्टेजची वरची मर्यादा ठरवा. लहान कमानीला सहा व्होल्ट खूप झाले, मीटरभर तारेला पंधराच्या आसपास ठेवा. मग करंटचा पॉट अगदी खाली आणा. हे पॉट अनेक फेऱ्यांचे असतात, स्क्रूड्रायव्हर बराच फिरवूनही काही होत नाही असं वाटतं, घाई करू नका. मग तार जोडा, मीटरची लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात घालून मीटर सिरीजमध्ये ठेवा आणि हळूहळू वर या.

आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, वापरणाऱ्या मुलांना इथे राहवत नाही. “ताई, पीडब्ल्यूएमने केलं तर?” म्हणजे वीज झपाझप चालू-बंद करून सरासरी कमी केली तर. करा की. पण बारा व्होल्टवरून त्याच ३ ओहमच्या तारेला तेवढीच उष्णता द्यायची तर ड्यूटी, म्हणजे वीज चालू असण्याचा वाटा, दहा टक्क्यांच्या आसपास येते, आणि त्या दहा टक्क्यांत अ‍ॅडॉप्टरला पूर्ण चार अँपिअरचा धक्का बसतो. दोन अँपिअरचं अ‍ॅडॉप्टर तेवढ्यानेही कुरकुरू शकतं. शिवाय मॉसफेट, म्हणजे हे चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, आयआरएफझेड४४एन घेतलात तर आर्डुइनोच्या पाच व्होल्टला तो पुरता उघडत नाही आणि तारेआधी तोच तापतो. आयआरएलझेड४४एन मागा, एका अक्षराचा फरक आहे. मला विचाराल तर कटरमध्ये प्रोसेसरचं काही काम नाही. त्यापेक्षा एक पायाचा स्विच बसवा. पाय उचलला की तार थंड, दोन्ही हात मोकळे.

विजेचं एवढं रामायण सांगूनही चांगल्या कटरचं निम्मं श्रेय ताणाला द्यावं लागतं. दोनशे अंशांनी तापली की ३० सेंमीची तार जेमतेम ०.८ मिमीने लांबते. ऐकायला काहीच नाही. पण दोन्ही टोकं पक्की बांधली असतील तर तेवढ्यानेच ती मधोमध जवळजवळ एक सेंमी खाली झोळ देते. गणित करून बघा, विश्वास बसणार नाही. म्हणून एका टोकाला स्प्रिंग हवीच, किंवा कमानच अशी लवचीक हवी की ती स्वतःच तार ओढून धरेल. कमान लाकडाची नाहीतर प्लायची करा. हॅकसॉची लोखंडी फ्रेम आयती दिसते, पण तार थेट तिला बांधलीत तर करंट तारेऐवजी फ्रेममधून निघून जातो आणि तार थंडगार. टोकं बोल्ट आणि वॉशरमध्ये दाबून बसवा. नायक्रोमला साधं सोल्डर धरत नाही, उगाच सोल्डरिंग आयर्न तापवत बसू नका.

माझ्या कामाला टेबलवाला प्रकार लागतो. प्लायच्या पाटाला भोक, तार उभी, वरच्या हाताला स्प्रिंग, आणि रोज सकाळी गुण्या लावून काटकोन बघायचा. घोडबंदर रोडच्या साइटचं मॉडेल असलं की मागे येऊरचा डोंगर आलाच. १:१००० च्या मॉडेलात दर पाच मीटर उंचीची कंटूर (समान उंचीची रेषा) म्हणजे पाच मिमीचा थर. असे थर काढायला तार आडवी लावते, दोन्ही बाजूंना पाच मिमी प्लायच्या पट्ट्या, आणि ठोकळा तारेवरून सरकवायचा. थर चिकटवायला फेविकॉल, वाळायला रात्र जाते तर जाऊ द्या. रबर सोल्यूशन लावलंत तर डोंगर विरघळतो.

कापताना कान आणि डोळे उघडे ठेवा. तार बरोबर तापलेली असली की ठोकळा स्वतःच्या वजनाने नाही, पण बोटाच्या हलक्या रेट्याने पुढे जातो, बारीक सुर्रर्र आवाज येतो, आणि काप उघडलात की दोन्ही तोंडांमध्ये कोळिष्टकासारखे पांढरे तंतू ताणलेले दिसतात. ते तंतू दिसले की समजायचं, जमलं. जास्त गरम असेल तर तार पोचायच्या आधीच थर्माकोल मागे हटतो, फट रुंदावते, कडा चकचकीत आणि खडबडीत होतात. कमी गरम असेल तर तारेला बाक येतो. बाक आलेल्या तारेने वळण कापलंत तर वरची आणि खालची कड नकाशाबरहुकूम येते आणि पोट मात्र मागे राहतं. शंका आली की अँपिअर वाढवू नका, आधी हात सावकाश चालवा. एक्सपीएस, म्हणजे गच्चीच्या इन्सुलेशनला वापरतात ती घट्ट रंगीत शीट, तिला तर जास्तच सबुरी लागते.

पंख कापणाऱ्यांना एवढंच सांगते की दोघं जण लागतात. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना सनमायकाचे साचे, त्यांच्या कडेवर सारख्याच संख्येच्या खुणा, आणि एकाने मोठ्याने आकडे म्हणायचे. मुळाशी पंख रुंद आणि टोकाला निमुळता असेल तर मुळाकडच्या माणसाला वेगाने जावं लागतं, पण “चार” म्हटल्यावर दोघांची तार चारवरच पाहिजे.

राहिला धूर. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. ते शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि तार जेमतेम कापण्यापुरती गरम ठेवली तर वास बेताचा येतो. तार लालसर दिसू लागली की स्टायरीनची वाफ सुटते, डोळे चुरचुरतात, डोकं धरतं. खिडकी उघडी, आणि पंखा बाहेरच्या दिशेने वारा फेकणारा.

कटर जमला की हात शिवशिवतात, समोर येईल ते कापावंसं वाटतं. सोफ्याचा फोम त्या तारेला लावू नका, तो पॉलियुरेथेनचा असतो आणि त्याचा धूर खरोखर विषारी. सनबोर्ड म्हणून मिळतो त्यातला बराचसा पीव्हीसीचा फोम असतो, तो तापला की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, घसा जाळतो आणि गाळ्यातली अवजारंही गंजवतो. मॉडेलच्या भिंती सनबोर्डच्या करायच्या असतील तर स्टीलची पट्टी आणि दहा रुपयांचं ब्लेड घ्या.