पाणी, पानी आणि सोळा सेशन

माझा नवरा ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतो. तो बार्शीकडचा आहे आणि पंप तयार करणाऱ्या कंपनीत अभियंता आहे, त्यामुळे हा शब्द त्याच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा तरी येतो. मी पुण्यात वाढले आणि मुद्रितशोधन करते, म्हणजे अशुद्ध हुडकणे हाच माझ्या पोटाचा धंदा आहे. लग्नाच्या चौथ्या वर्षी एका रविवारी तो मावशीशी फोनवर बोलत असताना त्या ‘न’वर माझे मन अडकले आणि पुढची दोन वर्षे तिथून हलले नाही. ‘या माणसाशी लग्न करून आपण चुकलो तर नाही ना?’ एवढाच तो विचार होता. हे सारे लिहिण्यास त्याची संमती आहे. मसुदा वाचून त्याने दोन ठिकाणी काट मारली आणि एक वाक्य स्वतःचे घातले.

त्या विचाराची मला भीती वाटली, त्याहून अधिक लाज वाटली. ‘न’ आणि ‘ण’ यांवरून समोरच्याचे गाव आणि जात जोखण्याची जी खोड आमच्या शहरात आहे, तिच्याविरुद्ध महाविद्यालयात मी हिरिरीने वाद घातले होते, आणि आता माझेच डोके रात्री दोन वाजता तोच तराजू घेऊन बसले होते. आठवड्याभरात विचाराला फांद्या फुटल्या. तो पुरेसा हुशार आहे का, चारचौघांत फार मोठ्याने हसतो का, त्याला पाहून मला आज काही वाटले का, काल वाटले होते तेवढेच वाटले का? प्रत्येक प्रश्नाची खातरजमा केल्याशिवाय चैन पडत नसे आणि खातरजमा झाली की अर्ध्या तासात तोच प्रश्न नव्याने उभा राही. मी बहिणीच्या नवऱ्याशी त्याची तुलना करीत असे, मोबाइलवर ‘तुमचे जोडीदारावर खरे प्रेम आहे का?’ अशा चाचण्या सोडवीत असे, आणि सर्वांत वाईट म्हणजे हे सगळे त्याला सांगत असे. नवरा-बायकोत आडपडदा नसावा, अशा समजुतीने मी रोज रात्री त्याच्यापाशी कबुली देत असे. कबुली दिली की मला हलके वाटे आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपे.

आम्ही प्रथम ज्या विवाह-समुपदेशकांकडे गेलो त्यांचा हेतू चांगला होता. त्यांनी आम्हाला परस्परांचे गुण-दोष वहीत लिहून काढायला आणि रोज अर्धा तास ‘मनमोकळा संवाद’ करायला सांगितले. एरवी कुरबुरी करणाऱ्या जोडप्याला हा उपाय लागू पडत असेलही. मला मात्र तो चोराच्या हाती किल्ल्या दिल्यासारखा झाला. महिन्याभरात माझ्या वहीची चाळीस पाने भरली आणि दोषांच्या यादीत बावीस मुद्दे झाले. दरम्यान आईने आमच्या पत्रिका पुन्हा कोणाला तरी दाखवल्या. छत्तीसपैकी तीस गुण जुळतात, हे ऐकून तिला हायसे वाटले. मी मात्र गेलेले सहा गुण कोणते याचा शोध घेत बसले आणि ते गणाचे निघाल्यावर दोन दिवस नीट जेवले नाही. माझा पत्रिकेवर विश्वास नाही, हे येथे नमूद केलेले बरे.

आजाराला नाव मिळाले ते एका मानसोपचारतज्ज्ञांकडे. ओसीडी (ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) म्हणजे नको असलेला विचार पुन्हापुन्हा येणे आणि तो शमवण्यासाठी तीच क्रिया पुन्हापुन्हा करणे. तिला मराठीत मंत्रचळ म्हणतात, आणि मंत्रचळ म्हटले की आपल्याला वारंवार हात धुणारी किंवा कुलूप पुन्हापुन्हा ओढून पाहणारी व्यक्ती आठवते. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच डॉक्टर याला ‘संशयाचे वेड’ म्हणत, आणि मला ते नाव अधिक नेमके वाटते, कारण संशय कुलपाचा असो वा नवऱ्याचा, त्याची चाल एकच असते. नको असलेला विचार येणे हा मुळात आजारच नव्हे. रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली दाखवून दिले की कोणताही विकार नसलेल्या बहुसंख्य माणसांनाही तसेच विचार येतात. फरक पडतो तो त्या विचाराला आपण काय अर्थ देतो आणि त्याला शांत करण्यासाठी काय करतो, यामुळे. नात्याभोवती फिरणाऱ्या ओसीडीवर मानसशास्त्रज्ञ गाय डोरोन आणि त्यांच्या इस्रायलमधील सहकाऱ्यांनी 2012 पासून पद्धतशीर लेखन केले आहे. ते तिचे दोन प्रकार मानतात. एकात नात्याविषयीच संशय असतो, म्हणजे माझे त्याच्यावर, त्याचे माझ्यावर प्रेम आहे का आणि हे नाते योग्य आहे का. दुसऱ्यात जोडीदाराच्या उणिवांचा ध्यास असतो, आणि त्यासाठीच्या त्यांच्या प्रश्नावलीत रूप, बुद्धी, नीतिमत्ता, लोकांत मिसळणे, भावनिक स्थैर्य आणि कर्तबगारी असे सहा विभाग आहेत. नीतिमत्ता सोडली तर उरलेल्या पाचही विभागांत मी नवऱ्याला नापास करून झाले होते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या वर्गीकरणात ओसीडीला स्वतंत्र प्रकरण मिळाले, पण नात्याच्या ओसीडीला त्यात वेगळे नाव नाही. माझ्या आजाराचे निदान ओसीडी असेच होते.

याचा अर्थ लग्नाविषयीची प्रत्येक शंका आजार असते, असा मुळीच नाही. ज्या घरात मारहाण, व्यसन किंवा सततचा अपमान आहे तेथील बाईला ‘तुझ्या शंका म्हणजे ओसीडी’ असे सांगणे हा अपराध होईल. आमच्या थेरपिस्टनी एकत्र सेशन सुरू करण्यापूर्वी आम्हा दोघांना वेगवेगळे बोलावून हे सगळे विचारले होते. त्या वेळी मला ते उगीच वाटले, आज वाटत नाही.

अशा थेरपिस्ट सहज मिळतात असेही नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत ओसीडीचे वेगळे क्लिनिक आहे, पण दर आठवड्याला बेंगळुरू गाठणे आम्हाला शक्य नव्हते. चार ठिकाणी फोन करून मी ‘तुम्ही ईआरपी करता का?’ असे विचारले तेव्हा एका ठिकाणी हो म्हणाले. ईआरपी म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला सामोरे जायचे आणि ती भीती शमवण्याची नेहमीची क्रिया मात्र करायची नाही. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी 1966 साली लंडनमध्ये या मार्गाने रुग्ण बरे होत असल्याचे लिहिले तेव्हापासून ओसीडीच्या मानसोपचाराचा तोच कणा आहे. त्यात जोडीदाराला सामील करून घेणारी सोळा सेशनची पद्धत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील अब्रामोविट्झ आणि बॉकम यांनी विकसित केली. आमच्या थेरपिस्टनी साधारण तोच आराखडा घेतला आणि आमची सोळा सेशन सात महिन्यांत झाली.

दुसऱ्याच सेशनला त्यांनी नवऱ्याला विचारले, “हिच्या आजारामुळे तुम्ही स्वतःमध्ये काय काय बदललंत?” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की हिच्या मैत्रिणी घरी आल्या की मी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसतो, आणि ‘पाणी’ म्हणायच्या आधी मनात एकदा म्हणून बघतो. खरेच, गेले कित्येक महिने तो तो शब्द ‘ण’वर विनाकारण जोर देऊन उच्चारीत होता, ‘पाण्णी’सारखा, आणि मी त्यालाही हसले होते. रुग्णाची तडफड कमी व्हावी म्हणून घरच्यांनी स्वतःला असे मुरडून घेतले की आजार आणखी मुरतो, हे थेरपिस्टनी तेव्हा समजावले. मला त्यातले फारसे ऐकू आले नाही. मी त्या ‘पाण्णी’पाशीच थांबले होते.

गृहपाठ ऐकायला हास्यास्पद होता. त्याने रोज दहा मिनिटे बार्शीच्या बोलीत मोठ्याने पेपर वाचायचा आणि मी समोर बसायचे. चूक दुरुस्त करायची नाही, आणि ‘आता प्रेम वाटतंय का?’ असे आत डोकावून पाहायचे नाही. पहिल्या दिवशी ‘आनी’ला माझा उजवा हात नसलेले पेन शोधू लागला. ‘कदाचित माझे लग्न चुकले असेल आणि ते मला कधीच खात्रीने कळणार नाही’ हे वाक्य मला स्वतःच्या अक्षरात लिहून रोज वाचायचे होते. नवव्या सेशननंतर आम्हाला संध्याकाळी पुण्यातल्या झेड ब्रिजवर, जोडप्यांच्या नेहमीच्या जागी, पाठवण्यात आले. दुचाक्यांना टेकून बसलेल्या वीस-बावीस वर्षांच्या जोडप्यांच्या रांगेत आम्ही छत्तिशीतले दोघे हेल्मेट मांडीवर घेऊन अर्धा तास बसलो, आणि कोणाशीही तुलना न करणे हे माझे काम होते. तुलना झालीच, पण ती तशीच राहू दिली.

नवऱ्याचे काम माझ्याहून अवघड होते, कारण त्याला उत्तर द्यायचे नव्हते. “आपलं ठीक चाललंय ना?” या माझ्या प्रश्नाला त्याने दोन वर्षे “हो गं” म्हटले होते. ते त्याचे प्रेम होते आणि तेच माझ्या आजाराचे इंधन होते. आता त्याला एक ठरावीक वाक्य दिले होते, “हा प्रश्न आजाराचा वाटतोय, मी उत्तर देणार नाही.” त्याने आपल्या मनाने पुढे जोडले, “पण चहा टाकतो.” सुरुवातीच्या तीन आठवड्यांत आमच्याकडे दिवसाला सात-सात वेळा चहा झाला.

कबुल्यांवरही बंदी आली. ती मला सर्वांत जड गेली, कारण सांगितले नाही तर आपण त्याला फसवतो आहोत असे वाटे. थेरपिस्ट म्हणाल्या, “तुमचा प्रामाणिकपणा तुम्हाला बरं वाटावं म्हणून असतो. त्यांना काय वाटतं ते विचारा कधी.” पाचव्या सेशनला त्याच्या मनातले बाहेर आले. तो म्हणाला, “हिचा आजार आहे हे मला पटलंय. पण ऐकलं मी आहे. माझं काय?” पुढची दोन सेशन केवळ त्याच्यासाठी ठेवली गेली. जोडप्याच्या उपचारात हा भाग वगळला जाण्याची भीती मला सर्वाधिक वाटते. रुग्णाच्या वेदनेला नाव असते, औषध असते, आणि जोडीदाराने समजूतदारपणे ऐकून घ्यावे एवढीच अपेक्षा असते. मसुद्यात त्याने घातलेले वाक्य याच ठिकाणचे आहे: ‘त्या यादीतले बावीस मुद्दे मला अजून क्रमाने पाठ आहेत.’ माफी मी एकदाच, पत्रात मागायची आणि पुन्हा मागायची नाही, असे ठरले, कारण पुन्हापुन्हा माफी मागणे हीसुद्धा खातरजमाच असते.

गोळ्यांविषयी थोडेच लिहिते. ओसीडीत एसएसआरआय गटातील (मेंदूतील सेरोटोनिनवर काम करणारी) औषधे नैराश्यापेक्षा बहुधा जास्त मात्रेत लागतात आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात. या औषधांनी कामेच्छा कमी होऊ शकते, आणि माझ्यासारखीच्या डोक्यात त्याचा लगेच ‘बघ, प्रेम नव्हतंच’ असा पुरावा तयार होतो. मला हे आधी कोणी सांगितले नव्हते. डॉक्टरांनी ते लाज न बाळगता दोघांनाही आधीच सांगायला हवे.

आता आम्ही दोन महिन्यांतून एकदा जातो. विचार अजून येतो. प्रुफे वाचताना, विशेषतः थकलेली असताना, हमखास येतो. चहा मात्र पूर्वीसारखा दोनदाच होतो. पुढच्या महिन्यात बार्शीला धाकट्या नणंदेचे लग्न आहे आणि तिच्या सासरच्या मंडळींसमोर त्याला चार शब्द बोलायचे आहेत. मला मिळालेला गृहपाठ असा की त्याने काय लिहिले आहे ते आधी बघायचे नाही आणि मांडवात पहिल्या रांगेत बसायचे.