बाळाची पुढची कार सीट निवडताना

कार सीटमध्ये मागे तोंड करून बसणाऱ्या मुलीचे पाय गाडीच्या मागच्या आसनाला टेकू लागताच घरातल्या सर्वांनी तिची सीट लहान झाल्याचा निकाल देऊन टाकला. पण पाय दुमडणे हा निकष नाहीच. डोके सीटच्या वरच्या कडेपासून साधारण अडीच सेंटिमीटरवर आले, किंवा उत्पादकाने दिलेली उंचीची वा वजनाची मर्यादा संपली, तरच सीट बदलावी.

नवी सीट आली म्हणून बाळाचे तोंड पुढे वळवण्याची घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे. समोरून धडक बसल्यास मागे तोंड असलेल्या सीटची पाठ डोके, मान आणि कणा यांना एकत्रित आधार देते. पुढे तोंड असेल, तर पट्टे धडाला रोखून धरतात आणि जड डोक्याचा सारा ताण कोवळ्या मानेवर येतो. म्हणूनच युरोपातील आर१२९ नियमानुसार किमान १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड ठेवणे बंधनकारक आहे, आणि ती किमान अट आहे, मुहूर्त नव्हे.

आम्ही दोन्ही दिशांनी बसवता येणारी सीट घेतली. (गोल फिरणारी मोहक होती, पण फार जड.) आयसोफिक्स (गाडीतच बसवलेल्या कड्यांना सीट थेट अडकवण्याची सोय) असले तरी सीट आपल्याच गाडीत आधी बसवून पाहावी, कारण मागे तोंड असलेली सीट बरीच जागा व्यापते आणि पुढच्या आसनावर बसणाऱ्याचे गुडघे अडतात.